सारंगी घेऊन धारूरला

धारूरला जाऊन आलो म्हटलं की नगरातले लोक विचारतात, "किल्ला बघायला गेला होता काय?" मी हो म्हणतो, कारण किल्ला मी खरोखरच पाहिला. पण जायचे सहा दिवस आणि यायचे सहा दिवस, बैलांच्या मागे बसून, ऐन दिवाळीत घर सोडून, एवढा खटाटोप किल्ल्यासाठी कोणी करत नाही. मी गेलो तो एका फुटलेल्या सारंगीसाठी. ती माझ्या हातून फुटली होती. आता हे सांगताना जीभ अडखळत नाही, म्हणून सगळं लिहून काढतो आहे.

मी शाळामास्तर. दिवसा मराठी तिसरीच्या वर्गाला शिकवतो आणि गेली बारा वर्षं संध्याकाळी खाँसाहेबांकडे सारंगी शिकतो. खाँसाहेब सत्तरीला टेकलेले, उंच, गोरे. डाव्या भुवईवर जुना वण. त्यांची सारंगी त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिलेली. तिच्यावर काळसर रोगणाची जाड पुटं होती आणि तिचा आवाज जरा बसका होता, पण खाँसाहेब दुसरं वाद्य हातात धरत नसत. भाद्रपद संपता संपता ते मुलीच्या बाळंतपणासाठी मिरजेला निघाले, तेव्हा सारंगी माझ्या घरी ठेवून गेले. म्हणाले, "आगगाडीत गर्दी असते, कुणाचा पाय लागेल. तुमच्याकडे राहू द्या, मास्तर. उस्तादांची अमानत आहे."

पावसाळ्याच्या दमटपणानं सारंगीच्या पोटावरचं कातडं सैल पडलं होतं. आश्विनात चांगलं ऊन पडलं, तेव्हा ती दहा मिनिटं शेकावी म्हणून मी अंगणातल्या बाजेवर ठेवली. तेवढ्यात शाळेचा शिपाई आला, इन्स्पेक्टर आल्याचा निरोप घेऊन. मी टोपी घातली आणि धावत गेलो. दोन तासांनी परत आलो तर बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "काडकन आवाज झाला. मला वाटलं कौल फुटलं."

सारंगीच्या पाठीला तळापासून वर वीतभर चीर गेली होती.

नगरात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे दोघे आहेत. त्यांनी चीर पाहिली आणि हात जोडले. खाँसाहेबांच्या बोलण्यात एकदा आलं होतं की ही सारंगी धारूरच्या एका कारागिराच्या घरची. खाँसाहेब कार्तिकी पौर्णिमेला परतणार होते आणि शाळेला दिवाळीची सुट्टी लागत होती. बायकोनं चिवडा आणि शंकरपाळे चार दिवस आधीच करून डब्यात भरले. मी सारंगी दुलईत गुंडाळली आणि वद्य दशमीला गाडीवान सखारामच्या दमणीत बसलो. खाँसाहेबांना कळायच्या आत ती जशीच्या तशी करून आणायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कड्याच्या अलीकडे

इंग्रजी हद्द सोडून निजामाच्या राज्यात शिरायचं, त्याला आमच्याकडे मोगलाईत जाणं म्हणतात. हद्दीवर, कडा गावाच्या अलीकडे, नाका आहे. तिथल्या कारकुनानं दुलई सोडायला लावली. तो नगरहून आलेल्या प्रत्येक गाठोड्याकडे संशयानं पाहत होता, पण सारंगी पाहताच त्याचा चेहरा बदलला. त्यानं एका बोटानं तार छेडली, मग उलटी करून चीर पाहिली.

"च् च्. किसने किया?" त्यानं विचारलं.

बारा वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारा मी म्हणालो, "गाडीच्या धक्क्यानं झालं."

"ले जाओ मास्तर, टूटी चीज पे क्या महसूल," असं म्हणून त्यानं स्वतःच दुलईची गाठ बांधून दिली. सखाराम सगळं ऐकत होता. नाका मागे पडल्यावर तो बैलांना उद्देशून म्हणाला, "धक्का आमच्या गाडीचा व्हय? नगरातून निगायच्या आदीच बसला म्हनायचा."

पाटोद्याच्या पुढे एका ओढ्यात गाडीचं चाक रुतलं. सखाराम चाकाला भिडला. मी सारंगी डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरलो आणि पलीकडे पोचलो तेव्हा एका पायातला जोडा ओढ्याला देऊन आलो होतो. उरलेला एक जोडा घेऊन काय करायचं हे न सुचल्यामुळे तो मी केजपर्यंत बरोबर वागवला.

मांजरसुंबा

नरकचतुर्दशीची पहाट मांजरसुंब्याला उजाडली. घाटाच्या माथ्यावरचं लहानसं गाव. आम्ही पारावर उतरलो होतो. मी विहिरीवर नुसतं तोंड धुवायला गेलो, तर पाणी शेंदणाऱ्या एका बाईनं विचारलं, "कुठलं तुमी?"

"नगरचा."

"आन् आज पारोसेच निगाले? थांबा." ती घरी गेली आणि वाटीत तेल, पानावर उटणं आणि घागरभर ऊन पाणी घेऊन आली. "सनाच्या दिशी वाटसरू असाच गेला तर गावाला बरं न्हाई," ती म्हणाली. आमच्या नगरात शेजाऱ्याच्या घरी कोण उतरलं आहे याची चौकशी होते, पण त्याला आंघोळीचं पाणी कोणी आणून देत नाही. मी त्या विहिरीच्या थारोळ्यावर बसून दिवाळीची आंघोळ केली. अंगावर ऊन पाणी पडलं आणि पहिल्यांदा मनात आलं, की होईल काहीतरी.

पुढे नेकनूर, केज. मग डोंगर जवळ येत गेले. बालाघाटाच्या या बाजूला डोंगरभर सीताफळीची झाडं आहेत. धनी नाही, राखण नाही. आम्ही गाडी थांबवून फळं काढली आणि बियांचा सडा टाकत अमावास्येच्या संध्याकाळी धारूरला पोचलो. पेठेत पणत्या लागल्या होत्या. धर्मशाळेत जागा मिळाली.

धारूर

दुसऱ्या दिवशी पाडवा. सारंगीवाल्यांचं घर विचारलं तर पहिल्या माणसाला कळलंच नाही. दुसरा म्हणाला, "ते औतं करनारे रहमानभाई? जावा तसंच किल्ल्याच्या अंगाला."

अंगणात तीन नांगर आणि एक तिफण पडली होती. ओसरीवर सत्तरीच्या घरातला एक सडसडीत माणूस वाकसानं नांगराचा दांडा तासत होता. मी दुलई सोडली. त्यानं हातातलं काम खाली ठेवलं, हात धुतले, पुसले आणि मग सारंगी मांडीवर घेतली. त्यानं ती उलटी केली, बोटाच्या पेरानं चार ठिकाणी ठोकली, चिरेला नाक लावून वास घेतला.

"उन्हात ठिवलती," रहमानभाई म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

मी मान खाली घातली.

"कुनाची हाय?"

"माझ्या उस्तादांची. त्यांना ठाऊक नाही."

"कावून घाबरता? मानूस तर मेलं न्हाई न्हवं. बसा." त्यांनी घरात हाक दिली. त्यांच्या पत्नी जैनबबी दारापर्यंत आल्या, सारंगी पाहिली आणि पातेल्यात पाणी ठेवायला आत गेल्या. पाणी चहासाठी असेल असं मला वाटलं. ते कातडं भिजवून सोडवण्यासाठी होतं.

मी विचारलं, "नांगर कसे काय करता?"

"पोटासाठी. सारंगी आता कोन घेतो? ज्याला त्याला पेटी पायजे. बोट ठिवलं की सूर निगतो. हितं सूर हुडकावा लागतो, तेवडा येळ कुनापाशी हाय?" तरीही त्यांनी मला माळ्यावर नेऊन तुनाच्या लाकडाचे ओंडके दाखवले. सहा-सहा वर्षं सावलीत वाळत पडलेले. एक सारंगी अर्धी कोरून ठेवली होती. सबंध सारंगी एकाच ओंडक्यातून कोरायची असते. पोट, छाती, माथा, सगळं एकाच लाकडाचं, कुठे सांधा नाही. "पटाशी केसभर जादा गेली की मग ती चुलीसाठी," ते म्हणाले. मी हात आत घातला. पोटाची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची लागत होती. नुसत्या बोटांच्या अंदाजावर हे कसं साधतं, ते मला दोन दिवस बघूनही कळलं नाही.

दुपारी जैनबबींनी धर्मशाळेत माझ्यासाठी शिधा पाठवला. बाजरीचं पीठ, डाळ, गूळ, तूप. मास्तर आपल्या हातानं करून खाणारे असतील, हा विचार त्यांनी न विचारता केला होता. मी चूल मांडली, भाकरी करपवली आणि ती सखारामला दिली. सखारामनं बैलांना दिली.

किल्ल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा तारा, खुंट्या आणि कातडं काढून झालं होतं. रहमानभाईंनी उघडी सारंगी फडक्याखाली झाकून ठेवली होती. मला समोर बसवून ते म्हणाले, "मास्तर, चीर जुळंल. सरस भरून, आतून चिपा लावून, अशी जुळंल की पन्नास वर्सं हलनार न्हाई. पर जोड बाहेरून दिसंल."

"दिसता कामा नये," मी म्हणालो. "तेवढ्यासाठी तर आलो."

"तसंबी हुईल. लाख आन् भुसा भरायचा, वरून रोगणाची चार पुटं द्यायची. तुमच्या उस्तादाच्या बापाला कळनार न्हाई. पर पुटं चढली की लाकूड दबतं. आवाज आजून खाली बसंल. जोड उगडा ठिवला तर आवाज खुलंल." त्यांनी वाकस उचलला. "दोन्ही हुयाचं न्हाई. आज सांजच्याला सांगा."

मी किल्ल्याकडे चालू लागलो. किल्ला मोठा आहे. तिन्ही अंगांना दरी, खाली पाण्याचा खंदक, तटावर गवत आणि रावे. पण मला तटाचं वर्णन करता येणार नाही, कारण मी तो नीट पाहिलाच नाही. एका बुरुजावर बसून मी दुपारभर खाँसाहेबांच्या तोंडची वाक्यं मनात जुळवत होतो. कधी ते मला दारातून परत पाठवत, कधी काहीच न बोलता सारंगी भिंतीला टेकवून आत निघून जात. हे दुसरं मला जास्त भीतीदायक वाटत होतं. बारा वर्षं त्या माणसानं माझ्याकडून काही न घेता मला शिकवलं होतं. लपवलं तर ते मला शिकवत राहतील. पण मग दर संध्याकाळी ते त्या दबलेल्या आवाजावर गज ओढतील, आणि मी समोर बसून ऐकेन.

ऊन उतरल्यावर मी खाली आलो. रहमानभाई ओसरीवरच होते.

"जोड उघडा ठेवा," मी म्हणालो. "मी सांगेन त्यांना."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून फडकं काढलं आणि सारंगी उजेडाकडे धरली. "आता आत बगा," ते म्हणाले.

पोटाच्या आत, माझ्या चिरेपासून बोटभर अंतरावर, दुसरा एक जोड होता. त्याच्यावर आडव्या तीन चिपा लावलेल्या, जुन्या, काळ्या पडलेल्या.

"ह्या माझ्या बापाच्या हातच्या," रहमानभाई म्हणाले. "मी तवा इशीतला. नगरहून एक गडी आलता, माझ्याच वयाचा असंल. गोरा, उंच. ह्या भुवईवर ताजी जखम, रगत वाळलेलं. सारंगी घिऊन पायरीवर पडला व्हता म्हनं. लई रडला. म्हनला, उस्तादांना कळू देऊ नका. बापानं त्याला हेच सांगितलं, जे मी तुमाला सांगितलं. त्यानं रोगण मागितलं."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि खाँसाहेबांसाठी वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. मी विचारलं, "हे सकाळी का नाही दाखवलंत?"

"सकाळी दाखिवलं असतं तर तुमी त्येंच्या चुकीच्या आडोशाला बसला असता. आता बसायचं न्हाई तुमाला." मग ते कामाच्या आवाजात म्हणाले, "जुनं रोगणबी खरवडून काढतो. चालंल न्हवं?"

मी म्हणालो, "काढा."

चार दिवस

त्यापुढचे चार दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले. रहमानभाईंनी काचेच्या तुकड्यानं रोगण खरवडलं. काळ्याखालून तांबूस लाकूड वर आलं, आणि त्याच्यावरचा जुना जोडही. चिरेत गरम सरस भरला, आतून जुन्या तुनाच्या चिपा बसवल्या, सुतळीनं आवळून पाचरी मारल्या आणि सारंगी सावलीत टांगली. जैनबबींनी शेळीचं कातडं भिजवून, खरवडून इतकं पातळ केलं की त्यातून पणतीचा उजेड दिसे. ते ओलं असताना पोटावर ताणायचं आणि वर ओलं फडकं टाकून हळूहळू वाळू द्यायचं. फडकं लवकर काढलं की कातडं फाटतं. ती राखण जैनबबींकडे होती, आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्येला उन्हात न्हाई ठिवायचं, मास्तर." रहमानभाई मान खाली घालून हसले. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "शिधा नको. भाकरीच पाठवा." त्या दिवसापासून ओसरीवर माझं ताट येऊ लागलं. टम्म फुगलेली बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, येसराचा मसाला घातलेली आमटी. सखाराम म्हणाला, "आता बैलं उपाशी ऱ्हात्यात."

षष्ठीला कातड्यावर हाडाची घोडी बसवून तिच्यावर आतड्याच्या ताती चढवल्या, त्यांच्याखाली गुंजणाऱ्या तरफांच्या तारा लावल्या. रहमानभाईंना सारंगी वाजवता येत नव्हती. त्यांनी गज माझ्या हातात दिला. मी खर्जावर एक ओढ घेतली. आवाज अंगणभर गेला. बारा वर्षं ज्या वाद्याचा आवाज मी ओळखत होतो, तो हा नव्हता. जैनबबी चुलीपासून उठून दारात आल्या. रहमानभाई म्हणाले, "बापाला ह्यो ऐकायला मिळाला न्हाई," आणि वाकस घेऊन नांगराकडे वळले.

परतीची वाट तीच, पण ओढ्याला पाणी ओसरलं होतं आणि माझ्या पायात केजला घेतलेला नवा जोडा होता. नाक्यावर तोच कारकून भेटला. त्याच्यासाठी मी गाडीत बसूनच थोडं वाजवलं आणि त्याला सांगितलं, की धक्का गाडीचा नव्हता. तो म्हणाला, "मालूम था."

नगर

खाँसाहेब पौर्णिमेला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सारंगी घेऊन गेलो, त्यांच्यासमोर उपडी ठेवली आणि बसायच्या आधीच सगळं बोललो. ऊन, बाज, इन्स्पेक्टर, चीर, धारूर. रहमानभाईंनी आत काय दाखवलं ते बोललो नाही.

खाँसाहेबांनी दोन्ही जोडांवरून अंगठा फिरवला.

"पोट उघडलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग पाहिलंत तुम्ही."

"पाहिलं."

त्यांनी सारंगी छातीशी घेतली, सूर मिळवले आणि गज ओढला. एकच ओढ. गज खाली ठेवला.

"हा तो आवाज," ते म्हणाले. "मास्तर, हा उस्तादांच्या हातातला आवाज. मी बावीस वर्षांचा होतो. न विचारता उरुसात वाजवायला नेली आणि पायरीवरून घसरलो. धारूरहून आणून गुपचूप जागेवर ठेवली. उस्तादांनी वाजवली. थांबले. परत वाजवली. मग आपल्या हातांकडे पाहून म्हणाले, बेटा, हात गेले माझे. सूर बसला. त्या दिवसानंतर त्यांनी मैफल केली नाही. मलाच देऊन टाकली ही. आणि मी ती घेतली." त्यांचा आवाज शांत होता, पण डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "तुम्ही मला सांगितलंत. मी कुणाला सांगू?"

मग ते स्वतःच उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला. सारंगी घ्या."

गावाबाहेरच्या कब्रस्तानात चिंचेच्या सावलीत त्यांच्या उस्तादांची कबर आहे. खाँसाहेब दर वर्षी तिथे फुलं वाहायला जात, हे मला माहीत होतं. मी कधी बरोबर गेलो नव्हतो. ते कबरीपाशी गुडघ्यांवर बसले, दगडावर हात ठेवला आणि माणसाशी बोलावं तसे म्हणाले, "उस्ताद, आपके हाथ ठीक थे. कसूर मेरा था." मग माझ्या हातून सारंगी घेतली आणि तासभर तोडी वाजवली.

मी पलीकडे बसून ऐकलं. परतताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला होता. उस्ताद कसे चिडायचे, चुकलं की गजानं पाठीत कसे हाणायचे, वाजवता वाजवता झोप लागली की तसेच कसे घोरायचे, हे ते घर येईपर्यंत सांगत होते. आपल्या उस्तादांबद्दल त्यांना हसत बोलताना मी बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो.